मशीनवरचं भरतकाम आणि शिवण: तुमची सुरुवात कशी झाली?

कापूसवात
कपाट आवरताना आज एक रुमाल हाताला लागला. कोपऱ्यात गुलाबी फूल आणि त्याच्याभोवती सगळं कापड आक्रसलेलं. मशीनवरचं माझं पहिलं भरतकाम, १४ वर्षांपूर्वीचं. फ्रेम ४ इंच बाय ४ इंच, कापड एकेरी, खाली काहीच लावलेलं नाही. फ्रेममध्ये कापड जीव खाऊन ताणलं होतं. भरून होईपर्यंत फूल फार देखणं दिसत होतं. फ्रेम काढली, ताण सुटला, कापड आत ओढलं गेलं आणि टाके होते तिथेच राहिले. रडले होते मी. खाली बॅकिंग, म्हणजे आधाराचा थर लावायचा असतो, कापड सुरकुती न पडेल इतपतच बसवायचं असतं, हे पुढे तीन महिन्यांनी कळलं. रुमाल टाकून देववत नाही. तुमच्या पहिल्या कामाचं काय झालं होतं? लिहा ना.

निळं रीळ
खालून गुंता!! दोऱ्याचा हा एवढा गोळा. दोन दिवस बॉबीन काढ-घाल केली, शटल पुसलं, तेल दिलं. दोष निघाला वरच्या दोऱ्यात. मशीनचा कापड दाबणारा पाय खाली ठेवूनच दोरा ओवत होते, त्यामुळे तो दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नव्हता. पाय वर करूनच ओवायचं. गुंता खाली दिसला की मी आता आधी वरचा दोरा काढून पुन्हा ओवते.

पायमशीनवाली
माझ्याकडे भरतकामाचं वेगळं मशीन नाही, साध्यावरच करते. कापड पुढे सरकवणारे दाते खाली, पाय काढून ठेवायचा, लाकडी रिंग उलटी धरायची म्हणजे कापड मशीनला टेकतं, मग हाताने फिरवत भरायचं. यात मी एक गोष्ट कितीतरी वेळा विसरले. पाय काढलेला असला तरी तो जिला लागतो ती दांडी खाली करावीच लागते, नाहीतर टेन्शन लागत नाही आणि वर निळं रीळ म्हणतात तोच गोळा. आजीचं मशीन आहे, पट्टा सैल झालाय, पण टाका अजून मोत्यासारखा. तिनेच शिकवलं, आधी कागदावर बिनदोऱ्याची सुई चालवायला लावायची, रेघेवरून. आठ दिवस फक्त कागद. आज तिची फार आठवण आली.

उन्हाळी सुट्टी
@पायमशीनवाली बिनदोऱ्याची सुई!! आमच्या आईनेही तेच केलं होतं. डोळ्यांत पाणी आलं वाचून.

दुपारचा चहा
सुई बोटात गेली होती. नखातून. एवढंच लिहिते, बाळ उठलंय.

कापूसवात
अगं बाई! आता बरं आहे ना बोट?

दुपारचा चहा
हो ताई, जुनी गोष्ट. आता दोरा ओवताना आधी मशीन बंद करते, न चुकता.

काजवा२२
टॉवेलवर नाव भरलं, अक्षरं लूपमध्ये बुडाली. वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवायची असते म्हणे. ठेवली, दुसरा टॉवेल झकास. टीशर्टला मात्र फाडून काढायचं बॅकिंग चालत नाही, कापून काढायचंच लावा. होजिअरी ताणली जाते, धुतल्यावर डिझाईन वेडंवाकडं होतं. सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची.

नवशिकी
मशीन येऊन चार दिवस झाले, अजून खोक्यातच आहे, भीती वाटते. आधी शिवण यायलाच हवी का? आणि डिझाईनची डीएसटी फाईल उघडली तर पडद्यावर भलतेच रंग, पानं जांभळी. बिघडलंय का?

काजवा२२
नाही बिघडलं. त्या फाईलमध्ये रंग नसतातच, फक्त रंग कुठे बदलायचा ते असतं. तुम्ही हवं ते रीळ लावा. आणि डिझाईन मशीनवरच फार मोठं करू नका, बऱ्याच मशीनवर टाके तेवढेच राहतात आणि मधून कापड दिसायला लागतं.

निळं रीळ
@नवशिकी शिवण आली नाही तरी चालेल, पण एक सरळ टीप मारून बघा, मशीनचा आवाज ओळखीचा होतो. आवाज बदलला, टकटक व्हायला लागली की थांबायचं. बहुतेकदा सुई बोथट किंवा वाकलेली असते. ११ नंबरची भरतकामाची सुई घ्या, दोरा ४० नंबरचा. आणि काम उलटं करून बघा, सॅटिन टाक्यात, म्हणजे जवळजवळ घातलेल्या भरीव टाक्यात, खालचा दोरा मधोमध साधारण एक तृतीयांश दिसला तर टेन्शन बरोबर.

उन्हाळी सुट्टी
चष्मा लागल्यापासून ओवणंच होत नाही माझ्याकडून. सुईमागे पांढरा कागद धरला की भोक दिसतं, लेकीने सांगितलं.

पायमशीनवाली
छान युक्ती आहे, आजच करते. कापूसवात, रुमालाचा फोटो टाका ना.

नवशिकी
खोकं उघडलं. पाय वर करून दोरा ओवलाय. जुन्या चादरीच्या तुकड्यावर सरळ टीप मारतेय.

कापूसवात
बॅकिंग लावलंस का खाली?

नवशिकी
नुसती टीप आहे ताई, भरतकाम उद्या.