शास्त्रशुद्ध नाट्यशिक्षण: कॅमेऱ्यासमोर कामाचं की अडचणीचं?

(तिघांची चर्चा; 'नेपथ्य', 'क्लोजअप' आणि 'तिसरी घंटा' ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

नेपथ्य:
पडद्यावरच काम करायचं तर नाट्यशाळेत तीन वर्षं कशाला घालवायची, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. मला ते साफ चूक वाटतं. ब्रिटिश नट अ‍ॅलन रिकमन १९७२ ते १९७४ लंडनच्या 'राडा' (RADA) या नाट्यशाळेत शिकले, पुढे बरीच वर्षं मुख्यतः रंगभूमीवर राबले. पहिला चित्रपट 'डाय हार्ड' १९८८चा, वय ४२. त्यातली संथ, तोललेली वाक्यं ऐका. शेवटचा शब्द कुठेही विरत नाही. शेक्सपिअरच्या ओळीत साधारण दहा अक्षरं, पाच आघात, आणि अर्थाचं वजन बहुधा ओळीच्या टोकाला; तिथपर्यंत श्वास पुरवायची सवय तालमीतच लागते.

क्लोजअप:
असहमत. रिकमन, अँथनी हॉपकिन्स ही टिकलेल्या नटांची नावं. शाळेतून नुकताच बाहेर पडलेला नट काय करतो ते बघा. शब्दफेक शेवटच्या रांगेसाठी, आणि बूम माइक (लांब दांड्यावरचा) डोक्यावर हातभर! आवाज उतरव म्हटलं की जोरही उतरवतो, वाक्य पडतं. नजरेचंही तसंच. समोरच्याच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर गेलेली नजर रंगमंचावर कळत नाही, क्लोजअपमध्ये बुबुळं भिरभिरतात. कॅमेऱ्याजवळचा एकच डोळा धरायचा असतो. चित्रपटांत गाजलेले ब्रिटिश नट मायकेल केन तर नाट्यशाळेत गेलेच नाहीत.

तिसरी घंटा:
केन नाट्यशाळेत गेले नाहीत, पण रेपर्टरी मंडळ्यांच्या, म्हणजे त्याच नटसंचात एकामागून एक नाटकं करणाऱ्या मंडळ्यांच्या, नाटकांत घासून निघाले. ते उदाहरण तुमच्या विरोधात जातं. आवाजाचं म्हणाल तर पोटाचा आधार तसाच ठेवायचा, फक्त ऐकणारा जवळ आहे असं धरायचं. बहुतेक जण आधार सोडून कुजबुजतात. कुजबुजीत स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसती हवा माइकवर जाते आणि शब्द आजूबाजूच्या आवाजात बुडतो.

क्लोजअप:
हे पटलं. पण कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधली हालचाल दुसऱ्याशी जुळणं? वाइडमध्ये (दुरून घेतलेल्या शॉटमध्ये) 'नाही' या शब्दावर उजव्या हातानं पेला उचलला, तर क्लोजअपमध्येही त्याच शब्दावर, त्याच हातानं. जुळलं नाही तर उत्तम टेकसुद्धा एडिटरला सोडावा लागतो. रोजचा प्रयोग ताजा ठेवायला शिकलेला नट नेमका इथे अडतो. शिवाय शेवटचा प्रवेश पहिल्याच दिवशी चित्रित होऊ शकतो. पहिल्या अंकापासून चढत गेलेली भावना आणायची कुठून?

नेपथ्य:
संहितेतूनच. प्रत्येक प्रवेशाच्या माथ्यावर लिहायचं: पात्र कुठून आलं, त्याला काय ठाऊक आहे, काय अजून कळलेलं नाही. हे संहितावाचन नाट्यशाळेतलंच. खूण गाठणं, म्हणजे कॅमेऱ्यासाठी जमिनीवर आखलेल्या जागी नेमकं थांबणं, त्यामानानं सोपं. खुणेवर उभं राहून, संवाद म्हणत उलटं चालत सुरुवातीच्या जागी यायचं, पावलं मोजायची, मग तेवढीच पुढे टाकायची. पायाकडे न बघता जमेपर्यंत हेच करायचं. वीतभर चुकलं तरी फोकस जाऊ शकतो, पण हे आठवड्याभरात बसतं. श्वासाला वर्षं लागतात. ब्रिटिश अभिनेत्री जूडी डेंच १९५७ साली लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात 'हॅम्लेट'मधली ऑफेलिया झाल्या. 'शेक्सपिअर इन लव्ह' चित्रपटातल्या राणीच्या जेमतेम आठ मिनिटांच्या भूमिकेला ऑस्कर मिळालं ते चार दशकांनी.

क्लोजअप:
तर मग पहिल्या वर्षापासून कॅमेरा वर्गात आणा. एकच स्वगत सकाळी प्रेक्षागृहात, दुपारी क्लोजअपमध्ये, आणि दोन्हींचं चित्रण संध्याकाळी त्याच विद्यार्थ्याला दाखवायचं. शेवटच्या सत्रात उरकलेल्या कार्यशाळेनं रंगमंचासाठी उंचावलेल्या भुवया खाली येत नाहीत.