मदत हवी आहे: बाबांच्या फोनला सकाळपासून रेंजच नाही

सायली_व (सकाळी १०.१२)
बाबा कराडला, मी पुण्यात. सकाळपासून त्यांच्या फोनला रेंज नाही. दोनदा बंद-चालू केला, सिम काढून पुसून परत घातलं, फरक शून्य. आईच्या फोनला त्याच घरात फुल रेंज. कस्टमर केअर अर्धा तास होल्डवर ठेवतंय. सेटिंगमध्ये नेमकं काय बदलायचं? प्लीज लवकर सांगा.

रानवारा (१०.१९)
हँडसेट कोणता? नेटवर्क मोड ऑटोवर आहे का? आमच्याकडे पाटणला फोर-जीवर ठेवला तरच रेंज टिकते.

जुना_लाईनमन (१०.२४)
आईंचं सिमही त्याच कंपनीचं आहे का? आणि काल-परवा बाबांना कोणाचा फोन आला होता का?

सायली_व (१०.३८)
हो, कंपनी तीच. काल संध्याकाळी साडेसहाला एकाचा फोन आला होता, 'कंपनीतून बोलतोय, तुमचं सिम फाइव्ह-जी करून देतो' म्हणून. नंतर आलेल्या मेसेजला १ असं उत्तर पाठवायला लावलं. पण ओटीपी कोणालाच दिला नाही, बाबा ठाम आहेत. त्यामुळे ते वेगळं असावं. सेटिंगचं सांगा ना!

जुना_लाईनमन (१०.४१)
ताई, सेटिंग सोडा. ते १ म्हणजेच संमती होती. बाबांचा नंबर ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम) होऊन त्या माणसाच्या फोनमध्ये गेला असणार, म्हणून हातातलं सिम मेलं. आता ओटीपी मागायची त्याला गरजच नाही, थेट त्याच्याकडे येतील. आईंच्या फोनवरून आधी बँकेला सांगून खातं, कार्ड, यूपीआय बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन करा. मग बाबांना मूळ आधार घेऊन कंपनीच्या गॅलरीत पाठवा. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवतात, म्हणजे आज संध्याकाळपर्यंत थोडा वेळ हाताशी आहे. पण काही ओटीपी फोन करूनही सांगतात, गाफील राहू नका.

टेक_मावळा (१०.५०)
अँड्रॉइडमध्ये टू-जी बंद करायची सोय आहे, ती आधी करा. टू-जीत टॉवर खरा की खोटा हे फोन तपासतच नाही. खोटा टॉवर उभा करून मेसेज घुसवतात. मी तर घरातल्या सगळ्यांचं बंद केलंय.

जुना_लाईनमन (१०.५८)
चांगली सवय आहे, पण इथे उपयोग नाही. हल्ला हवेतून, म्हणजे फोन आणि टॉवरच्या मधल्या लहरींतून, झालेलाच नाही. फाइव्ह-जीत ग्राहकाची ओळखसुद्धा हवेतून झाकून पाठवायची सोय आहे. पण कंपनीनेच नंबर दुसऱ्याच्या फोनमध्ये चालू केला तर कूटलेखन (एन्क्रिप्शन) त्या चोराच्याच बोलण्याचं रक्षण करणार.

टेक_मावळा (११.०४)
मग एसएस-७ चं काय, म्हणजे मोबाइल कंपन्या एकमेकींकडे कॉल-मेसेज पोहोचवायला वापरतात त्या जुन्या यंत्रणेचं? २०१७ मध्ये जर्मनीत त्यातूनच बँकेचे ओटीपी वळवून खाती रिकामी केली होती. एसएमएसवर विसंबणंच चूक आहे.

जुना_लाईनमन (११.०७)
ते शंभर टक्के मान्य. पण सायलीताईंना आत्ता ते सांगून काय होणार?

निसर्गप्रेमी (११.१५)
फाइव्ह-जी टॉवरच्या लहरींमुळे चिमण्या कमी झाल्या का, यावर कोणी लिहील का?

रानवारा (११.१६)
वेगळा धागा काढा हो.

सायली_व (११.५२)
खातं गोठवलं. रात्री ११.४० ला दोन वेळा पासवर्ड बदलायचा प्रयत्न झालाय, पैसे सुरक्षित आहेत. हात थरथरतायत माझे. यूपीआय पिन त्याला माहीत नव्हता, मग घाबरायला हवं का?

जुना_लाईनमन (११.५७)
हवं. पिन नवा बनवता येतो, डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते. नाहीतर आधारचा ओटीपी, आणि तोही त्याच नंबरवर येतो. बँकेत जाऊन लेखी तक्रार द्या, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात कळवल्यानंतरचं नुकसान बँकेवर आहे, म्हणून वेळ लिहिलेली पोच जपा.

सायली_व (दुपारी १.२०)
बाबा गॅलरीत आहेत. काउंटरवरची मुलगी म्हणते, नंबर कालच ई-सिम झालाय, 'तुम्हीच केलंय.' बाबा गप्प उभे आहेत असं आई सांगतेय. नवीन सिम मिळेल, पण पुन्हा २४ तास मेसेज येणार नाहीत. त्यांची पेन्शन उद्या जमा होते. खातं उद्या उघडून घेऊ की मेसेज सुरू होईपर्यंत थांबू?

जुना_लाईनमन (१.२६)
थांबा. पेन्शन गोठवलेल्या खात्यात जमा होते का, तेवढं आज शाखेत विचारून घ्या.