लमसम रेटवर शाळेचं काम घ्यावं का? करारात काय बदलून मागू?

ठेकेदार_नाशिक:
नमस्कार मंडळी, एका ट्रस्टच्या शाळेची जी+१ (तळमजला आणि वर एक मजला) इमारत आहे, साधारण ६००० स्क्वेअर फूट, मुदत ११ महिने, मटेरियलसकट लमसम, म्हणजे सगळ्या कामाची एकच ठरलेली रक्कम. आर्किटेक्टने ड्राफ्ट दिलाय त्यात लिहिलंय की रेट शेवटपर्यंत फर्म, कोणत्याही कारणाने वाढ नाही, आणि खाली बारीक अक्षरात "ठेकेदाराने जागा स्वतः पाहून जमिनीची खात्री करून घेतली आहे". जागा काळ्या मातीची आहे, सॉइल टेस्ट झालेलीच नाही. उशीर झाला तर आठवड्याला दंड वेगळा. काम तर हवंय, पण सही करू का?

सळई_बाबा:
सळईचा हिशोब आधी करा. स्क्वेअर फुटाला ४ किलो धरली तरी २४ टन होते, किलोमागे १० रुपये वाढले की २ लाख ४० हजार गेले. २०२१-२२ मध्ये भाव इतके चढले की मे २०२२ मध्ये सरकारने स्टीलच्या बऱ्याच मालावर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं, नोव्हेंबरमध्ये काढलंही. त्या वर्षात फर्म रेट देऊन बसलेल्यांना विचारा. सळई आणि सिमेंटचा बेसिक रेट, म्हणजे हिशोबात धरलेला मूळ भाव, करारात लिहून घ्या, ५ टक्क्यांपर्यंत वरखाली तुमचं, त्यापुढे फरक ट्रस्टचा. आणि भाव उतरला तर त्यांना परत द्यायचं हेही लिहा, नाहीतर कोण ऐकणार तुमचं.

मालक_बाजूने:
मी ट्रस्टच्या जागी असतो तर मलाही फर्मच हवं असतं. देणग्या जमवून बांधतात, मध्येच वाढीव बिल आलं तर कुणाच्या दारात जायचं? रिस्क घ्या, पण तिचे पैसे रेटमध्ये लावा ना. आमच्याकडे सगळ्यात कमी कोटेशनवाल्याला काम दिलं, तो प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) आला आणि गायब.

टेंडर_काका:
वरचं बरोबर आहे, पण रिस्कचे पैसे लावायला ती आधी मोजता आली पाहिजे. भाव मोजता येतो, जमिनीखाली मुरूम ५ फुटांवर लागेल की १२ वर ते कसं मोजणार? फिडिक या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सिल्व्हर बुक हा नमुना करार तर ठेकेदारावर सगळ्यात जास्त रिस्क टाकतं, तरी १९९९ च्या आवृत्तीच्या सुरुवातीलाच म्हटलंय की बरंच काम जमिनीखाली असेल किंवा टेंडर भरणाऱ्याला तपासायला वेळ नसेल तर हा फॉर्म वापरू नका. आपल्या पीडब्ल्यूडीतही लमसमचा सी फॉर्म वेगळा आणि आयटम रेटचा (प्रत्येक कामाचा वेगळा दर, मोजमापाप्रमाणे पैसे) बी-२ वेगळा, ते उगीच नाही.

आणि नंतर कोर्टात जाऊ या भरवशावर राहू नका. नुसता खर्च वाढला म्हणून करार सुटत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६० सालीच अलोपी परशाद प्रकरणात सांगून ठेवलंय. दंडाचं तेवढं घाबरू नका, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. तरी ड्रॉइंग उशिरा आलं किंवा आरए बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने द्यायचं बिल) अडकलं तर मुदत वाढेल हे वाक्य घालाच.

बिगारी_ते_बिल्डर:
जीएसटी रेटमध्ये की वर ते स्पष्ट लिहा, कामाच्या बिलावर १८ टक्के म्हणजे गंमत नाही. एक्स्ट्रा आयटम लेखी ऑर्डरशिवाय हात लावायचा नाही, "साहेब बोलले होते" यावर पैसे निघत नाहीत.

ठेकेदार_नाशिक:
आभार सगळ्यांचे. आज आर्किटेक्टशी बोललो, बेसिक रेटचं पटलंय, पायाचं मात्र म्हणतो जे लागेल ते तुमचं.

टेंडर_काका:
मग कराराचे दोन तुकडे करा. प्लिंथपर्यंत आयटम रेटवर, खोदाई, पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट), फूटिंग मोजमापाप्रमाणे, त्याच्या वर लमसम. सही करायच्या आधी जेसीबी लावून चार कोपऱ्यांत ट्रायल पिट (जमीन तपासायचे खड्डे) घ्या, ट्रस्टच्या माणसाला उभं करून फोटो काढा आणि खोली लिहिलेल्या कागदावर त्यांची सही घ्या. जेसीबीचं भाडं तुम्ही भरा, त्यावर वाद घालू नका.

ठेकेदार_नाशिक:
सोमवारी पिट घेतो. आर्किटेक्ट स्वतः येतो म्हणालाय.