मदत हवी आहे : ग्लोव्ह बॉक्सचा तुटलेला खटका घरी दुरुस्त करता येईल का?

माझ्या ११ वर्षे जुन्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्सच्या खटक्याची प्लास्टिकची जीभ मुळाशी तुटली असून, गतिरोधक आला की झाकण उघडून शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर आदळते. (सौभाग्यवतींची सहनशक्ती आता संपत आली आहे.) स्प्रिंग शाबूत आहे. तुकडा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने दोनदा जोडला. परंतु तो सांधा ठिसूळ असल्याने झाकण ओढताना पडणाऱ्या ताणाने लगेच निखळला. भागावर ‘एबीएस’ असा शिक्का आहे. हे प्लास्टिक ॲसिटोन या द्रावकात विरघळते, तेव्हा त्याच्याच चुऱ्याचा लगदा करून सांधा भरावा, की बारीक भोक पाडून आत तारेची पिन बसवून वरून इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा मजबूत गोंद) लावावे? सुटा खटका मिळत नाही, अख्खे झाकणच घ्या, असे दुकानदार म्हणतात. ते मला पटत नाही. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी सांधा किती काळ टिकला हेही कृपया कळवावे.