प्रोटेक्ट आणि डिफेंड: एकटं 'संरक्षण' कुठं कुठं पुरणार?

कऱ्हाडहून प्रश्न

द्राक्ष बागायतदारांसाठी एका इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी करायचं आहे. त्यातलं एक वाक्य अडलंय. इंग्रजीत असं आहे की मॅन्कोझेब हे बुरशीनाशक पानाला 'प्रोटेक्ट' करतं, पण वेलीला स्वतःला 'डिफेंड' करायला त्याची मदत होत नाही. कोशात दोन्हींपुढं रक्षण, संरक्षण, बचाव हेच शब्द. मग मराठी वाक्य झालं ते असं: "मॅन्कोझेब पानाचं संरक्षण करतं, पण वेलीला स्वतःचं संरक्षण करायला मदत करत नाही." शेतकरी विचारणार, अहो, करतं का नाही करत ते एकदा ठरवा. या दोन क्रियापदांत फरक नेमका काय, आणि मराठीत तो कुठल्या शब्दांनी दाखवायचा?

साताऱ्याहून, इंग्रजी शिकवणारे

दोन्ही शब्द लॅटिनमधून आले, पण त्यांच्या पोटातली कृती वेगळी आहे. प्रोटेक्टमध्ये 'टेगेरे' आहे, म्हणजे झाकणे. पुढ्यात आडोसा धरणे हा मूळ अर्थ. डिफेंडमध्ये 'फेंडेरे' आहे, म्हणजे मारणे, ढकलणे. 'दे' लागून दूर लोटणे असा अर्थ झाला. ऑफेंडमध्येही तोच फेंडेरे. आणि कुंपणाला आपण ज्याला फेन्स म्हणतो, तो शब्द म्हणजे डिफेन्सचं शेपूट.

शेतावर बघा. शाळू हुरड्यात आला की पाखरं उतरतात. कणसांवर कापड बांधलं किंवा बागेवर जाळी टाकली, तर ते प्रोटेक्ट. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवली, तर ते डिफेंडच्या बाजूचं काम. पहिल्यात पाखरू येवो न येवो, जाळी आहेच. दुसऱ्यात पाखरू आलं तरच गोफणीला अर्थ.

यावरून वापराच्या तीन कसोट्या निघतात. पहिली, धोक्याला इच्छा आहे का? ऊन, पाऊस, गंज, धूळ, गारपीट यांना नसते. तिथं प्रोटेक्टच येतो. शत्रू, प्रतिस्पर्धी, टीकाकार, समोरचा वकील यांना असते. तिथं डिफेंड शोभतो. दुसरी, काम करणारी वस्तू निर्जीव आहे का? हेल्मेट डोकं प्रोटेक्ट करतं. हेल्मेट डोकं डिफेंड करतं म्हटलं की इंग्रजी कान बिचकतो. तिसरी, कर्माशिवाय क्रियापद उभं राहतं का? संघानं उत्तरार्धात चांगलं डिफेंड केलं, असं नुसतं म्हणता येतं. प्रोटेक्टला मात्र सहसा 'कशाला' हे सांगावंच लागतं.

शब्दयोगीचं थोडक्यात: प्रोटेक्टपुढं 'फ्रॉम' आणि 'अगेन्स्ट' दोन्ही चालतात. प्रत्यक्ष त्रासाला बहुधा फ्रॉम, लस-विम्यासारख्या संभाव्य जोखमीला बहुधा अगेन्स्ट. डिफेंडपुढं अगेन्स्टचं प्रमाण मोठं.

वाईहून, कोशाचं काम करणारे

सरांनी मुळं सांगितलीच आहेत, त्यात आपल्या बाजूची भर घालते. टेगेरेचा संस्कृतातला भाऊ स्थग्, म्हणजे झाकणे, लपवणे. आपलं 'स्थगित' त्यातलंच. फेंडेरेचा भाऊ हन्, म्हणजे मारणे, आणि लोहाराचा 'घण' त्याच घरातला. म्हणजे प्रोटेक्टच्या गोत्रात स्थगिती आणि डिफेंडच्या गोत्रात घण. गंमत पुढंच आहे. आपल्या 'रक्ष्'चं नातं ग्रीकमधल्या ज्या धातूशी लावतात त्याचा अर्थ परतवून लावणे. अलेक्झांडर या नावाचा पूर्वार्ध तोच. मुळाकडून पाहिलं तर रक्षण हा शब्द डिफेंडच्या जवळचा, आणि आज आपण तो सरसकट दोन्हींना वापरतो. व्युत्पत्ती वाट दाखवते, पण आजचा अर्थ वापरातूनच ठरतो.

मराठीत हा भेद नाही असं मात्र समजू नका. तत्सम शब्दांकडं गेलं की तो पुसला जातो, एवढंच. घरगुती क्रियापदं लख्ख आहेत: जपणे, झाकणे, सांभाळणे, आडोसा धरणे, पंखाखाली घेणे ही एका बाजूला, लढवणे, परतवणे, थोपवणे, बाजू मांडणे ही दुसऱ्या बाजूला. राखणे मधोमध बसतं, आणि त्याचा एक विशेष आहे. किल्ला 'लढवला' आणि किल्ला 'राखला' यांतला फरक बघा. अजिंक्यताऱ्याला डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाचा वेढा पडला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी चार महिन्यांवर किल्ला लढवला, आणि एप्रिल १७०० मध्ये तो मोगलांकडं गेला. त्याचं नाव 'आझमतारा' ठेवलं गेलं. प्रयागजींनी किल्ला लढवला हे शंभर टक्के खरं; राखला म्हणता येत नाही. इंग्रजीतही नेमकं हेच. किल्ला डिफेंड केला पण गेला, हे वाक्य चालतं. प्रोटेक्ट केला पण गेला, हे अडखळतं, कारण प्रोटेक्टमध्ये इजा न पोचण्याचा परिणाम बराचसा धरलेला असतो, तर डिफेंडमध्ये फक्त झुंज.

म्हणून डिफेंडला मराठीतला सगळ्यात नेमका शब्द माझ्या मते 'लढवणे'. कचेरीत एकट्यानं कामाचा भार पेलला तरी आपण 'त्यानं एकट्यानं खिंड लढवली' म्हणतोच. अडचण एवढीच की हा शब्द किल्ला, खिंड, खटला, निवडणूक यांच्याबरोबर रुळला आहे. पानाबरोबर किंवा वेलीबरोबर तो बसत नाही.

सांगलीहून, खेळाच्या बातम्या लिहिणारे

वाईकर ताईंचा मुद्दा आमच्या पानावर रोज चुकतो. इंग्रजी बातमी म्हणते, अमुक खेळाडू उद्या आपलं जेतेपद डिफेंड करणार. मराठीत येतं, 'जेतेपद राखणार'. अहो, सामना उद्या आहे! राखणार म्हणजे निकालच सांगून टाकला. 'जेतेपद राखण्यासाठी उतरणार' लिहावं, आणि डिफेंडिंग चॅम्पियनला सरळ 'गतविजेता'.

खेळाखेळात शब्द वेगळे रुजलेत, ते मोडू नयेत. खो-खोत धावणाऱ्या संघाला 'संरक्षण' आणि पाठलागाला 'आक्रमण', आणि खेळाडूनं दीड मिनिट संरक्षण केलं असंच छापायचं. तिथं झाकणं नाही, आडोसा नाही, नुसती हुलकावणी आणि पळणं. इंग्रजीत ते डिफेंडच. कबड्डीत 'पकड' आणि 'कोपरारक्षक'. फुटबॉलला 'बचावफळी'. क्रिकेटमध्ये १५० धावांचा 'बचाव', पण पॅड आणि हेल्मेट यांना कुणी बचाव म्हणत नाही.

बुद्धिबळात मात्र दोन्ही क्रियापदं जवळजवळ एक होतात. सांगली ही बुद्धिबळाची नगरी, त्यामुळं हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. घोड्यानं प्यादं धरून ठेवलं तर इंग्रजीत प्रोटेक्ट म्हणा की डिफेंड म्हणा, हरकत नाही. ठरलेल्या संज्ञा तेवढ्या बदलत नाहीत: सिसिलियन ही डावाची सुरुवात म्हणजे डिफेन्सच, आणि दुसऱ्या प्याद्याच्या आधारानं पुढं गेलेलं मोकळं प्यादं प्रोटेक्टेडच. आपल्याकडं जुने खेळणारे याला 'जोर' म्हणतात. प्याद्याला घोड्याचा जोर आहे. ते प्यादं बिनजोर आहे. यात झाकणंही नाही आणि ढकलणंही नाही. मारलंस तर मीही मारीन, एवढीच धमकी. दोन्ही इंग्रजी शब्दांपेक्षा नेमका.

मिरजेहून, वकिली करणारे

कायद्यात हे दोन शब्द अजिबात अदलाबदल होत नाहीत. आरोपीच्या बाजूला 'बचाव पक्ष', दिवाणी दाव्यातल्या डिफेंडंटला 'प्रतिवादी'. हल्ला होत असताना स्वतःला वाचवण्यासाठी बळ वापरण्याचा अधिकार म्हणजे खाजगी बचावाचा हक्क. जुन्या दंडसंहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ मध्ये आहे. धोक्याची वाजवी भीती सुरू झाली की शरीराच्या बचावाचा हा हक्क सुरू, आणि ती भीती संपली की हक्क संपला. पळून चाललेल्याला गाठून मारलं, तर तो बचाव उरत नाही. डिफेंडला समोर हल्ला लागतो, तो असा.

उलट २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २०१२ चा बालकांबाबतचा पॉक्सो, २०१९ चा ग्राहकांचा कायदा, या सगळ्यांच्या नावात प्रोटेक्शन आणि मराठीत संरक्षण. कारण इथं राज्य कुणाच्या तरी पुढ्यात आडोसा धरतंय. २००५ च्या कायद्यातला संरक्षण आदेश मारहाण होण्याची शक्यता असली तरी मिळतो. मार खाऊन येण्याची अट नाही.

जाता जाता एक सापळा. जंगलाच्या कायद्यात, १९२७ च्या, 'संरक्षित वन' हा 'राखीव वना'पेक्षा सैल प्रकार आहे. राखीव वनात जे स्पष्ट मुभेत नाही ते मना. संरक्षित वनात जे स्पष्ट मना नाही ते बहुतेक चालतं. संरक्षित म्हणजे जास्त कडक, असं शब्दावरून समजू नये.

आणि माणसांबाबत सगळ्यात जपून. एखाद्या पुढाऱ्यानं कार्यकर्त्याला डिफेंड केलं, तर मराठीत 'बाजू मांडली', 'समर्थन केलं', फार तर 'पाठराखण केली'. प्रोटेक्ट केलं, तर संदर्भ पाहून 'पाठीशी घातलं' किंवा 'पांघरूण घातलं'. पहिल्यात उघड बोलणं आहे, दुसऱ्यात झाकणं. एकाच्या जागी दुसरा शब्द छापला तर अब्रुनुकसानीची नोटीस यायला वेळ लागणार नाही.

सांगलीहून, तेच

वकीलसाहेब, 'धोक्याला इच्छा हवी' ही सरांची कसोटी पुराला लागत नाही. ब्रिटिश इंग्रजीत 'फ्लड डिफेन्स' सर्रास लिहितात, आणि कृष्णेला काय इच्छा असणार?

साताऱ्याहून, इंग्रजी शिकवणारे

बरोबर हटकलंत. नाम क्रियापदापेक्षा मोकळं फिरतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे पूर चालून येतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. फूट-फूट वर चढणाऱ्या पाण्याला भाषेनं शत्रू मानलं तर नवल नाही. रिमझिम पावसापासून मात्र कुणी डिफेंड करत नाही, छत्री घेऊन प्रोटेक्टच करतो. म्हणजे कसोटी अशी दुरुस्त करू: धोक्याला इच्छा असावी, किंवा तो चाल करून येतोय असं भासावं. आपण 'पूरसंरक्षक भिंत' म्हणतो ते ठीकच आहे, भिंत आडोसाच धरते.

तासगावहून, पीक सल्ला देणारे

एवढं सगळं झालं, पण कऱ्हाडच्या ताईंचं वाक्य तसंच राहिलं की! त्यांच्या पत्रकातलं इंग्रजी बिनचूक आहे, आणि दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टींना आहेत.

मॅन्कोझेब किंवा बोर्डो ही पानावर बसणारी औषधं. डावणी या द्राक्षावरच्या बुरशीरोगाचे बीजाणू ओल्या पानावर पडतात, त्यातून पोहणारे कण सुटतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात. रंध्रं मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूला. औषधाचा थर त्याआधी तिथं असला पाहिजे. म्हणून हे शब्दशः झाकणं आहे, आणि झाकणाचे सगळे दोष त्यात आहेत. खालची बाजू भिजली नाही तर तेवढी उघडी. जोराच्या पावसात थर धुतला जातो. फवारणीनंतर फुटलेलं पान कोरंच, त्यावर थर नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट भराभर वाढते, तेव्हा हेच नडतं. आणि बुरशी एकदा आत गेली की वरून कितीही थर द्या, उपयोग नाही. तिथं आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारं, औषध लागतं.

बोर्डोचंच बघा. एक टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत ५०-५० लिटरमध्ये करायचं, लोखंडी भांडं नको, मग एकत्र ओतून ढवळायचं. घासून चकचकीत केलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, पान करपेल, चुन्याची निवळी आणखी घाला. त्याच दिवशी संपवा, शिळं झालं की चिकटत नाही. याचा जन्मही या चर्चेत शोभण्यासारखा आहे. फ्रान्सात बोर्डोकडच्या बागांत रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून चुना-मोरचूद मारत. १८८२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या लक्षात आलं की त्याच वेली डावणीतून वाचल्या. १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. चोर परतवायला मारलेलं औषध पान झाकायला उपयोगी पडलं.

वेलीचं डिफेन्स वेगळं. बुरशीची चाहूल लागली की वेल स्वतःच्या पेशींत रेस्वेराट्रॉलसारखी द्रव्यं तयार करते, सॅलिसिलिक आम्लाच्या मार्गानं इतर पानांना निरोप जातो. ही वेलीची स्वतःची झुंज आहे. आपल्याकडं तिला 'प्रतिकारशक्ती' म्हणतात आणि शेतकऱ्याला तो शब्द पाठ आहे. पानावरच्या थराला 'संरक्षण' लिहू नका, 'प्रतिबंधात्मक' लिहा; दुकानदारही तेच म्हणतो.

कऱ्हाडहून

मग असं लिहिते: "मॅन्कोझेब हे प्रतिबंधात्मक बुरशीनाशक आहे. ते पानावर थर धरतं. त्यानं वेलीची प्रतिकारशक्ती वाढत नाही." चालेल?

तासगावहून, पीक सल्ला देणारे

चालेल. फक्त 'पानावर' नको, 'पानाच्या दोन्ही बाजूंवर' करा. आणि 'रोग दिसण्याआधी मारावं' हे वाक्य त्याला जोडूनच छापा, खाली तळटिपेत नको.