हमास निवडून येऊनही वाळीत, अल-शरा न निवडून येताही पाहुणे: निकष नेमका काय?

चौकस
जानेवारी 2006 मध्ये हमासने पॅलेस्टिनी कायदेमंडळाच्या 132 पैकी 74 जागा जिंकल्या. मतदान नीट झालं असं परदेशी निरीक्षकही म्हणाले. तरी अमेरिका आणि युरोपीय संघाने त्या सरकारशी व्यवहार तोडले. उलट सीरियाचे अंतरिम राष्ट्राध्यक्ष अहमद अल-शरा शस्त्राच्या बळावर सत्तेत आले, त्यांच्यावर अमेरिकेनेच एक कोटी डॉलरचं इनाम लावलं होतं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ते व्हाइट हाउसमध्ये पाहुणे! 'दुटप्पीपणा' हे उत्तर माहीत आहे. मला यंत्रणा समजून घ्यायची आहे.

तळटीप
गल्लत इथे होते की अमेरिकेची परकीय दहशतवादी संघटनांची यादी लोकमान्यता मोजतच नाही. अमेरिकी परराष्ट्र खातं तीनच गोष्टी बघतं: संघटना परकीय आहे का, दहशतवादी कृत्यं करते का (किंवा तशी कुवत आणि इरादा आहे का), आणि अमेरिकी नागरिकांना वा सुरक्षेला त्यापासून धोका आहे का. मतपेटीचा रकानाच नाही. हमास या यादीत 1997 पासून आहे. निवडून आल्याने नाव आपोआप गळत नाही.

खरा फास पैशाचा. यादीतल्या संघटनेला साहाय्य करणं हा फौजदारी गुन्हा आहे. 2010 मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टाने तर अशा संघटनेला वाद शांततेने सोडवण्याचं प्रशिक्षण देणंही त्यात बसवलं. एप्रिल 2006 मध्ये अमेरिकी कोषागाराने पॅलेस्टिनी प्राधिकरणाशी बहुतेक व्यवहारांना मनाई केली. पुढचं काम बँकांनी आपणहून केलं. अरब देशांनी देऊ केलेले पैसेसुद्धा त्या पाठवेनात, कारण डॉलरचा व्यवहार न्यूयॉर्कच्या बँकांमधून फिरतो आणि खटल्याची जोखीम कोण घेणार? इस्रायलने प्राधिकरणाच्या वतीने गोळा केलेला कर, महिन्याला सुमारे पाच कोटी डॉलर, अडवून धरला. पगार थकले. मंत्री गाझा-इजिप्त सीमेवरच्या रफाहच्या नाक्यावरून सुटकेसमधून रोकड आणू लागले.

युरोपीय संघाने जूनमध्ये एक तात्पुरती व्यवस्था उभी केली: रुग्णालयांचा खर्च, इंधन आणि गरिबांना भत्ता थेट द्यायचा, मंत्रालयांना हात लावायचा नाही. म्हणजे सरकार टाळून सरकारचं काम चालवायचं. हमासचं त्यातून फारसं बिघडलं नाही. पोखरलं गेलं ते प्रशासन.

मोजपट्टी
त्या 74 जागांवर एक खुलासा. निम्म्या जागा देशभरातल्या पक्षनिहाय मतांच्या प्रमाणात (राष्ट्रीय यादी) आणि निम्म्या मतदारसंघांतून भरायच्या होत्या. राष्ट्रीय यादीच्या मतांत हमासला सुमारे 44 टक्के आणि तिचा प्रतिस्पर्धी पक्ष फतहला 41 टक्के होते. या राष्ट्रीय यादीच्या 66 जागांपैकी 29 आणि 28. फरक पडला तो मतदारसंघांच्या 66 जागांत: 45 विरुद्ध 17. फतहचे बंडखोर आपल्याच लोकांची मतं खात होते, हमास मात्र शिस्तीत नेमके उमेदवार देत होती. त्यामुळे 'जनतेने दहशतवाद निवडला' हे वाक्य आकड्यांवर टिकत नाही.

चौकस
मग अल-शरांचं नाव कसं सुटलं? तीच यादी ना?

तळटीप
'तीच' म्हणजे किमान तीन याद्या, आणि प्रत्येकीचं कुलूप वेगळं. सीरियात असदची सत्ता 8 डिसेंबर 2024 ला कोसळली. त्याच महिन्यात अमेरिकी शिष्टमंडळ दमास्कसला गेलं आणि इनाम मागे घेतलं. अल-शरांची संघटना हयात तहरीर अल-शाम हिचं नाव परराष्ट्र खात्याने जुलै 2025 मध्ये काढलं. ते त्यांच्याच हातात होतं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीतून अल-शरांचं नाव काढायला मात्र सुरक्षा परिषदेचा ठराव लागला: नोव्हेंबर 2025, 14 मतं बाजूने, चीन तटस्थ.

या कुठल्याच टप्प्यावर निवडणुकीची अट नव्हती. मागण्या होत्या त्या आयसिसविरोधात सहकार्य, परदेशी लढवय्यांचा बंदोबस्त आणि रासायनिक शस्त्रांचा निकाल अशा. हमासपुढे चौकडीने (अमेरिका, रशिया, युरोपीय संघ, संयुक्त राष्ट्रं) 30 जानेवारी 2006 ला ठेवलेल्या अटीही वर्तनाच्याच होत्या: हिंसा सोडा, इस्रायलला मान्यता द्या, जुने करार पाळा. फरक इतकाच की दुसरी अट हमासच्या अस्तित्वाच्या मुळावर येत होती, आणि त्याच चौकडीतल्या रशियाने मार्चमध्ये हमासच्या नेत्यांना मॉस्कोला बोलावून घेतलं.

वाळूघड्याळ
निवडून आल्याने कवच मिळत नाही, हे इजिप्तमध्ये उलट्या बाजूने दिसतं. लष्करी उठावाने निवडून आलेलं सरकार पाडलं तर मदत थांबवा, असा अमेरिकी कायदाच आहे. 3 जुलै 2013 ला लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मुर्सी यांना हटवलं तेव्हा ओबामा प्रशासनाने तोड काढली: हा 'उठाव' होता की नाही, हे ठरवायचंच नाही! शब्द उच्चारला नाही, कलम लागलं नाही. वर्षाच्या 1.3 अब्ज डॉलरच्या लष्करी मदतीतली काही शस्त्रं ऑक्टोबरात रोखली आणि मार्च 2015 मध्ये मोकळी केली.

यादी किती लवचीक असते त्यासाठी येमेनचे सशस्त्र बंडखोर हूथी बघा. जानेवारी 2021 मध्ये यादीत आले, महिन्याभरात बाहेर, कारण येमेनचं बहुतेक धान्य आयातीचं आणि ती आयातच बंद पडायची भीती होती. मार्च 2025 मध्ये पुन्हा आत.