फोन चार्जच होत नाही: तुमचे अनुभव सांगा (कापूस निघाला असेल तर आधी सांगा)

चोपड्याची_लेक
परवा रात्री साडेनऊला अण्णाचा फोन, तोही वहिनीच्या नंबरवरून. "माझा मोबाईल मेला, दोन तास झाले लावलाय, चार्जिंगचं चिन्हच येत नाही." मी इकडे पुण्यात कुकर उघडत होते. म्हटलं चार्जर बदल, तर बदललाय. वहिनीचा फोन त्याच वायरीला लाव म्हटलं, तो लागला. म्हणजे दुखणं फोनातच. मग विचारलं पिन पूर्ण आत जाते का, टक्कन बसते का? तर म्हणे नाही, थोडी बाहेरच राहते अन् लोंबते. तिथे माझी ट्यूब पेटली. फोन बंद करायला लावला, दात कोरायची लाकडी काडी घ्यायला सांगितली, वहिनी टॉर्च धरून. पाच मिनिटं नुसता श्वास ऐकू येत होता. मग अण्णा म्हणतो, "अगं, यातून तर वात निघाली!" खरंच, निरांजनात बसेल एवढा कापूस, करडा पडलेला, दाबून दाबून घट्ट. वेचणी सुरू झाल्यापासून फोन बंडीच्या खिशात, दुसरं काय निघणार.

यावरून आबांचा जुना फोन आठवला. आबा जिनिंगवर होते, सीझनमध्ये भुवया पांढऱ्या घेऊनच घरी यायचे. घरातला पहिला मोबाईल, बारीक पिनचा, तोही असाच बंद पडला. आईने गोधडीच्या सुईने उकरला अन् आतली पिन वाकवली. आई आठ दिवस गप्प. आबा मात्र खूश, मुकादमाचे फोन बंद झाले ना!

तुमचेही किस्से टाका.

केळीवाला_रावेर
काय व्हयनं भो, हासी हासी पोट दुखनं. आमच्याकडे कापूस नाही, केळीचा चीक. घड उतरवताना त्याच हाताने फोन उचलायचा, चीक वाळला की काळा अन् चिवट. एकदा पिन आत अडकूनच बसली, ओढली तर वायर हातात अन् टोक फोनात 😂

जॅक_बदलून_मिळेल
ताईंनी बरोबर क्रम लावला. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, गाव सांगत नाही नाहीतर सगळे उधारीवर येतील. 'जॅक (चार्जिंगचं भोक) गेला' म्हणून येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं नुसतं साफ करून काम होतं, पण गिऱ्हाईक आधीच घरून सेफ्टीपिन घालून आलेलं असतं. सी टाईपच्या भोकात मधोमध पातळ जीभ असते, ती मोडली की मग खरंच जॅक बदलावा लागतो. लोखंडी काही घालू नका, शॉर्ट होतं. तोंडाने फुंकू पण नका, थुंकी जाते. अन् बॅटरी पार झोपलेली असेल तर लावल्या लावल्या काही दिसत नाही, अर्धा तास हात न लावता ठेवा, लोक दोन मिनिटांत काढतात परत लावतात काढतात. मागचं झाकण उचललं गेलं असेल, स्क्रीन वर आली असेल तर बॅटरी फुगलीय, तो लावूच नका, सरळ दुकानात.

भुसावळकर
मे महिना. गाडीच्या टाकीवरच्या कव्हरमध्ये फोन ठेवून जळगावहून आलो. घरी लावला तर थर्मामीटरचं चित्र, चार्जिंग बंद. बरोबरच आहे, लिथियमची बॅटरी ४५ अंशाच्या वर चार्ज करायची नसते आणि आमच्याकडे सावलीतच तेवढं असतं. मी हुशार, फोन फ्रीजमध्ये. दहा मिनिटांनी काढला तर घाम फुटलेला, आता सूचना आली की पोर्टमध्ये ओल आहे. म्हणजे आधी ताप होता मग सर्दी झाली. बायको म्हणे आता पंख्याखाली ठेवा अन् स्वतः पण बसा.

साक्रीची_सून
ओल म्हणजे आमच्याकडे सासूबाई! माझा फोन बादलीत पडला, त्यांनी काढला अन् सरळ दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, कोठीत पुरला. मला कुठून तरी तांदळाचं माहीत होतं, त्यांना ज्वारी. दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाला पण चार्ज होईना, पोर्टमध्ये भुसा. आता ॲपलनेच २०२४ मध्ये सांगितलं की तांदळात ठेवू नका, कण आत जातात. सासूबाईंना दाखवलं, तर म्हणे, "तांदळाचं लिहिलंय ना, दादरचं कुठे लिहिलंय?"

माहेर_अमळनेर
@साक्रीची_सून दादर नवी आली का गं तुमच्याकडे? भाव काय?

साक्रीची_सून
@माहेर_अमळनेर अजून नाही, मागचीच संपायची आहे. कळण्याचं पीठ हवं तर सांग, भाऊ येतोय तिकडे.

सातपुडा_मास्तर
धडगावकडे पहिली नेमणूक होती तेव्हाची गोष्ट. पाड्यावर वीज नाही, शाळेच्या छपरावर छोटं सोलर पॅनल. ऊन आलं की फोन 'टुंग', ढग आला की बंद, ऊन आलं की परत 'टुंग'. दर वेळी स्क्रीन पेटायची. श्रावणात दिवसभर टुंग टुंग, संध्याकाळी बघावं तर सकाळपेक्षा दोन टक्के कमी! पोरं 'टुंग' झालं की ओरडायची, गुरुजी ऊन आलं. शेवटी फोन बंद करून लावायला लागलो. तसंही रेंजसाठी टेकडीवरच जावं लागायचं, बंद काय अन् चालू काय.

भुसावळकर
@सातपुडा_मास्तर आमच्या शेजारी दीपनगरला वीज तयार व्हायची अन् लोडशेडिंग पण आम्हालाच. स्टँडजवळ पाच रुपयात फुल चार्ज करून द्यायचे, बॅटरी काढून चिमट्याच्या चार्जरला, लाल हिरवे दिवे. एकदा माझी बॅटरी बदली झाली अन् कोणाची तरी चांगली मला आली. देव करो अन् तो माणूस हे वाचत नसो.

झिरो_टक्के
मी तीन दिवस चार्जरला शिव्या दिल्या. बोर्डाचं बटन बंद होतं.

माहेर_अमळनेर
@झिरो_टक्के 🙏🙏 दर्शन द्या.

रात्रपाळी_शहादा
शेतीची लाईट रात्रीची असली की व्होल्टेज खाली येतं, बल्ब पिवळा. चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं म्हणून चांगला चार्जर तेवढ्यातही चालतो, फुटपाथवरचा ५० रुपयेवाला चालू-बंद चालू-बंद करतो. मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलाय, घरून कॉल केला की पंप सुरू. फोन मेला त्या रात्री दोनला टॉर्च घेऊन विहिरीवर चालत गेलो. वडील म्हणे, आम्ही रोज जायचो. झालं, त्यानंतर एक तास भाषण.

जॅक_बदलून_मिळेल
@केळीवाला_रावेर ते तुटलेलं टोक निघालं का? फेविक्विकची काडी लावून ओढायचे व्हिडिओ बघून काही करू नका बरं.

केळीवाला_रावेर
@जॅक_बदलून_मिळेल आता सांगून काय फायदा 😐

चोपड्याची_लेक
किती छान लिहिताय सगळे, भाजी करपली माझी वाचता वाचता. आत्ताच परत वहिनीच्या नंबरवरून अण्णा. फोन बंद. म्हटलं काडी घे, तर म्हणे काडी नको, फोन चांगला आहे, चार्जर कापसाच्या गाठोड्यात बांधला गेला अन् गाठोडं सकाळीच व्यापाऱ्याकडे गेलं.